गावातील व्याख्यानाची वेळ

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यातील सायंकाळी भरते. शिरगावास तो काळ सोयीचा ठरेलच असे नाही. दर्यावर जाणारी मंडळी पावसाळी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, घरी असतात. परंतु त्याच सुमारास भातलावणीही असते. म्हणून दिवस ठरविण्यापूर्वी शिक्षकाने कोळीवाड्यात व पाड्यांवर विचारावे. विषय दूर शोधू नये. गावचा किल्ला मराठ्यांनी १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत घेतला. तो इतिहास तटापाशीच सांगता येतो. वक्त्यास श्रोत्यांची बोली आधी कळवावी. ग्रांथिक भाषेपुढे वारली किंवा मांगेली बोलणारा श्रोता मान डोलावतो, शंका मात्र विचारीत नाही. प्रश्नांसाठी वेळ राखावा व पहिला प्रश्न विद्यार्थ्याकडून विचारवावा. मग मागे बसलेल्या स्त्रियांनाही बोलण्यास धीर येतो.