रडारला काय दिसू द्यायचं?

टाकीच्या छतावर बसवलेला रडार ट्रान्समीटर लहर खाली सोडतो, परतलेला प्रतिध्वनी पकडतो आणि मधल्या वेळेवरून द्रवापर्यंतचं अंतर काढतो. एक मीटर खाली जाऊन वर यायला लहरीला जेमतेम 6.7 नॅनोसेकंद लागतात. पण परतणारा प्रतिध्वनी एकटा नसतो. नोझलची कड, आतली शिडी, वाफेची कॉइल, ढवळणीची पाती असे सगळेच आपापला वाटा परत धाडतात.

लॅपटॉपवर इको कर्व्ह उघडला की ही सगळी शिखरं अंतरानुसार मांडलेली दिसतात. त्यांवर आखलेली रेघ म्हणजे थ्रेशोल्ड. तिच्याखाली जे राहिलं, ते उपकरणाच्या लेखी नाहीच.

रेघ किती उंच ठेवायची, हे आधी द्रव ठरवतो. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक 80च्या आसपास असतो. त्यावरून लहरीच्या आयामाचा सुमारे 80 टक्के भाग परततो. डिझेलचा स्थिरांक 2च्या घरात, तिथून परततो फक्त 17 टक्के. पाण्याच्या टाकीवरचं सेटिंग जसंच्या तसं डिझेलच्या टाकीला लावलं, तर डिझेलचा पृष्ठभागच रेघेखाली गडप व्हायचा.

रेघ पृष्ठभागाच्या शिखराच्या निम्म्यावर ठेवावी, हा रूढ हिशेब. मात्र ते शिखर सर्वांत दुबळं असतानाचं धरायचं, म्हणजे बहुधा टाकी तळाला गेलेली असतानाचं. समजा, तिथे डिझेल 1200 मिलिव्होल्ट देतं. रेघ आली 600वर. आता वरून 4 मीटरवर एक लोखंडी पट्टी 800 मिलिव्होल्टचं खोटं शिखर उभं करते आहे. डिझेल पट्टीखाली उतरलं, तरी आकडा 4 मीटरवर ठाण मांडून बसतो आणि पंप कोरडा पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. घाईत अख्खी रेघ 1000वर नेली की पट्टी लपते खरी, पण तळाशी जरासा फेस आला तरी डिझेलही हरवतं. त्यापेक्षा 3.7 ते 4.3 मीटर एवढ्याच पट्ट्यात रेघ उचलावी. डिझेल त्या उंचीला असताना 1800च्या आसपास देत असेल, तर या टेकाडावरूनही ते सहज दिसतं.

हलायचा थांबलेला आकडा किती महागात पडतो, ते इंग्लंडमधल्या बन्सफील्ड डेपोत 11 डिसेंबर 2005 रोजी दिसलं. तिथला गेज रडारचा नव्हता, सर्व्हो प्रकारचा होता. पेट्रोल भरत असताना पहाटे तो अडकला, टाकी वाहू लागली आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला.

खोटी शिखरं उपकरणाकडून आपोआप नोंदवून घेण्याची सोयही असते. ती वापरायची तर टाकी रिकामी हवी आणि ढवळणी चालू हवी. अर्ध्या भरलेल्या टाकीत नोंद घेतली, तर खऱ्या पृष्ठभागाचीच खोट्यांत गणना होण्याचा धोका असतो. आणि द्रवाखाली बुडालेली शिडी नोंदीत येत नाही ती नाहीच. रेघ बदलल्यावर डिप टेप टाकून वर, मध्यावर आणि तळाशी आकडा ताडून घ्यावा.