सातबाऱ्यावर नसलेला भाऊ



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खताचे हप्ते आणि खोडवा याविषयी लिहितो. आज थोडी वाट सोडून लिहिणार आहे. पण सुरुवात उसापासूनच करतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या रानात को ८६०३२ आहे. या वाणाची आई को ६२१९८ आणि बाप कोसी ६७१. पाडेगावच्या केंद्रामार्फत १९९६ साली तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आणि 'नीरा' हे नाव मिळाले. हे सगळे जुने सभासद तोंडपाठ सांगतात. अशाच एका ऊस मेळाव्यात मी सहज विचारले, "स्वतःच्या पणज्याचे नाव किती जणांना सांगता येईल?" मोजके हात वर आले. पणजीचे विचारले, तर मांडवात सामसूम. कोणीतरी मागून म्हणाले, "सायेब, बेण्याचं बोला."

हा प्रश्न माझ्या डोक्यात आला त्याला कारण घडले ते भीमाकाठच्या एका गावात. तिथले आमचे एक सभासद ऐंशी पार केलेले आहेत. नाव मुद्दाम देत नाही, आपण त्यांना अण्णा म्हणू. एके दिवशी दुपारच्या एस.टी.ने साठीपुढच्या एक बाई गावात उतरल्या. हातात धडप्यात बांधलेली तांब्याची घागर. पाराजवळ चौकशी करत अण्णांच्या दारात आल्या. त्या दिवशी मी तिथेच ओसरीवर बसून लागणीच्या नोंदी तपासत होतो. बाई म्हणाल्या, "दादा, ही घागर ह्याच गावची हाय का बगा."

घागरीच्या काठावर ठोक्याने कोरलेली अक्षरे होती : एका बाईचे नाव, पुढे 'कोम', मग नवऱ्याचे नाव आणि शेवटी गावाचे नाव. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची रीत जुनी. कागद जळतो, वाळवी लागते, पण तांब्यावरचे नाव राहते. बाईंचा आजा सोलापूरच्या गिरणीत होता, बापही गिरणीतच. आई विड्या वळायची, पुढे बाईंनीही तेच केले. घरात आता नातवाचे लग्न निघाले होते. मुलीकडच्यांनी विचारले, देवक कोणते, कुलदैवत कोणते, मूळ गाव कोणते? घरात कोणालाच सांगता येईना. शेजारी जातात म्हणून हेही बाळ्याच्या खंडोबाला जायचे, एवढेच. मग माळ्यावरची घागर काढली.

अण्णांच्या पोरांनी मला बाजूला घेतले. "सायेब, वाटणी मागाया आली असंल का?" खरे सांगतो, माझ्याही मनात तेच आले होते. उजनीच्या पाण्याने या पट्ट्यातल्या जमिनीला जी किंमत आली आहे, ती पाहता दारात उभा राहिलेला नातेवाईक आधी हिस्सेदार वाटतो, मग माणूस. पण अण्णा घागर हातात फिरवत होते. म्हणाले, "अशाच अक्षराचा हंडा व्हता आमच्यात. बाहत्तरच्या दुष्काळात मोडीत घातला."

मग आम्ही शोधायला लागलो. वारसाच्या कामासाठी प्रत्येकाला कधी ना कधी हे करावेच लागते, म्हणून तो शोध कसा केला ते सविस्तर सांगतो.

सातबारा घेतला. त्यावर अण्णांचे आणि भावांचे नाव, त्याआधी वडिलांचे. संपले. बाईंच्या आज्याचा मागमूस नाही. पण सातबारा हा शेवटचा कागद आहे, पहिला नव्हे. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात आकडे असतात. ते फेरफाराचे नंबर. त्या एकेका नंबराची नक्कल काढत मागे मागे जायचे, की एक नाव जाऊन दुसरे का लागले ते कळत जाते. मध्येच गट नंबर तुटतो, कारण १९४७ च्या कायद्याने एकत्रीकरण झाले आणि जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तिथे जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालून पुन्हा मागे जायचे. त्याआधीची कडईपत्रके पाहायची. आता यातले बरेच कागद महसूल खात्याने स्कॅन करून संगणकावर ठेवले आहेत. बाकीचे तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज देऊन मिळतात. जुना मजकूर मोडीत असतो, तेव्हा मोडी वाचणारा गाठावा लागतो.

कुळाच्या घराण्यांनी एक ध्यानात ठेवावे. तुमचा आजा मालकाच्या रकान्यात सापडणार नाही. १९४८ च्या कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, त्या दिवशी कूळ मालक मानले गेले. त्याआधी नाव शोधायचे ते पीकपाहणीच्या बाजूला, 'जमीन करणाराचे नाव' या रकान्यात. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेला माणूस कागदाच्या उजव्या कोपऱ्यात बसलेला असतो.

असो. अण्णांच्या प्रकरणात सर्वांत जुना जो फेरफार हाती आला, त्यात खातेदार मयत झाल्याने थोरल्या मुलाचे नाव लावले होते. तो अण्णांचा आजा. नावापुढे तीन अक्षरे : ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तिथे मी थबकलो. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर लिहिला, याचा अर्थ कुटुंबात आणखी कोणी होते. एकटा असता तर ही अक्षरे कशाला लागली असती? पण भावांची नावे लिहायची गरज नसे. सरकारला सारा भरणारा एक माणूस हवा, तो मिळाला की झाले. हा कागद जमिनीची वंशावळ सांगतो. जो जमीन धरून राहिला तो त्यात राहिला, जो उठून गेला तो गेला.

बाईंनी आज्याकडून ऐकलेले सांगितले. मानमोडीत आई-बाप दोघेही आठवड्यात गेले. ती १९१८ सालची इन्फ्लुएंझाची साथ. पाऊसही नव्हता. रान दोघांना पुरेना, तेव्हा धाकटा घागर घेऊन सोलापूरला गेला. तिथे १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी होती, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या निघाल्या होत्या. आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांतला धाकटा असा गेला असेल! दुष्काळ पडला की थोरल्याने रान राखायचे आणि धाकट्याने भोंगा गाठायचा. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा हा आजा तिथेच होता. चार हुतात्म्यांची गोष्ट तो नातवंडांना सांगायचा. गावाची मात्र कधी सांगितली नाही.

आडनाव जुळत नव्हते, हा पोरांचा मोठा मुद्दा. अण्णांचे वेगळे आणि बाईंच्या माहेरचे वेगळे, गावाच्या नावाला 'कर' लावलेले. बाईंचे म्हणणे, गिरणीत भरती करताना जॉबरने कुठला म्हणून विचारले आणि गावाचे नावच आडनाव म्हणून लिहिले. यात नवल नाही. महात्मा फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. तिथून ते पुरंदरातल्या खानवडीला आले, मग पुण्याला. पुण्यात फुलांचा धंदा केला आणि फुले झाले. गाव सुटले की आडनाव नव्या कामावरून पडते किंवा जुन्या गावावरून. आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात सासवडहून माळी शेतकरी आले आणि त्यांनी १९३२ साली माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. त्याचे नाव सासवड माळी शुगर फॅक्टरी. मूळ गाव कारखान्याच्या पाटीवर लिहून ठेवणारे लोक ते. सगळ्यांना असे सुचत नाही.

आम्ही गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीकडे वळलो. गाव नमुना चौदा, लोक कोतवाल बुक म्हणतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी सगळ्या महाराष्ट्रात या वह्या उघडल्या गेल्या, तेव्हा बऱ्याच जणांना त्या पहिल्यांदाच माहीत झाल्या. त्या प्रश्नावर मत देण्याची ही जागा नव्हे, पण त्या निमित्ताने खूप घरांना आपला पणजा भेटला हे खरे. आम्हाला मात्र भेटला नाही. नेमकी हवी ती पाने वाळवीने खाल्लेली. शाळेचे जनरल रजिस्टर पाहिले. थोरला-धाकटा दोघेही शाळेत गेलेलेच नव्हते. गिरणीचे पगारपत्रक मिळावे म्हणून बाईंच्या मुलाने हेलपाटे घातले. गिरणी १९९० च्या दशकात बंद पडलेली, कागद कुठे गेले ते कोणी सांगेना.

शेवटी गाठ सुटली ती हेळव्याकडे. मंगळवेढा, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागातल्या सभासदांना हेळवी नवीन नाही. सुगी झाली की बैल घेऊन येतो, दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणतो आणि धान्य, धडुते घेऊन जातो. पोरे त्याला भिकारी समजतात. त्याच्या वहीत कैक पिढ्यांची नावे असतात, हे ध्यानी येत नाही. पंढरपुरात, नाशिक-त्र्यंबकेश्वरात उपाध्यायांच्या वह्या असतात तशीच ही वही, फक्त ती आपल्या दारी चालत येते. त्या वर्षी अण्णांनी त्याला बसवून घेतले, चहा दिला आणि म्हणाले, "आज्याच्या पाठचा कोण ते वाच." कानडी हेलात त्याने नावे म्हटली. पणजा, मग थोरला, मग धाकटा. धाकट्याचे नाव तेच, जे बाईंनी सांगितले होते. नावापुढे रेघ कोरी. पुढची पिढी लिहिलेली नाही. कुलदैवत तुळजापूरची भवानी, देवक पंचपल्लव.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आजी सणाला एक पोळी बाजूला काढून ठेवायची. कुणाची म्हटलं की म्हणायची, गिरणीवाल्याची. मला वाटायचं, कुठला तरी देव असंल."

हेळव्याच्या वहीत मला एक गोष्ट खटकली ती इथे सांगितलीच पाहिजे. मी विचारले, लेकींची नावे? तो म्हणाला, ती लिहायची पद्धत नाही. अण्णांच्या चार बहिणी त्यात नाहीत. मात्र हेळव्याला बोल लावण्याआधी आपण आपले कागद पाहावेत. सभासद मयत झाला की शेअर वर्ग करण्याचे अर्ज शेती खात्यामार्फत माझ्यापुढे येतात. सोबतच्या वंशावळीत दहातल्या कित्येक अर्जांत बहिणी नसतात. विचारले की उत्तर ठरलेले : "त्या काय घेत नाहीत, सायेब." घेणे न घेणे हा त्यांचा प्रश्न; नाव लिहिणे हा आपला. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीने आहे. नॉमिनीचेही तसेच. संस्था शेअर नॉमिनीच्या नावे करते, त्याने बाकीच्या वारसांचा हक्क मिटत नाही. मयताची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्याकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) द्यावी, म्हणजे सहा-क च्या वहीत वारस चढतात. तिथे एक नाव गाळले तर ते काढायला पुढच्या दोन पिढ्या कोर्टात जातात.

आणि आपल्या कारखान्यांच्या दप्तराचे तरी काय? तोडणीचा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाचटात दोघे सारखे राबतात, मोळ्या तीच डोक्यावर वाहते. करार मुकादमाच्या नावाने, उचल नवऱ्याच्या नावाने. पन्नास वर्षांनी एखादी नात विचारायला आली की आमची आजी कुठल्या कारखान्यावर होती, तर आपण कोणते रजिस्टर उघडून दाखवणार? हेही ए.कु.मॅ. सारखेच झाले.

लग्न पार पडले. अण्णा सोलापूरला जाऊन आले, पंचपल्लवाचे डहाळे गावच्या शिवारातून नेले होते. थोरला मुलगा गेला नाही. त्याला ऊसतोड होती.

मध्यंतरी अण्णा गट ऑफिसला आले. शेअरला नॉमिनी बदलायचा होता आणि सोबत वंशावळ लिहून हवी होती. मी फुलस्केप घेतला. पणजापासून सुरुवात केली. पणजीचे नाव घागरीवरून घेतले. थोरला लिहिला. अण्णा म्हणाले, "शेजारी धाकटा लिवा, आन् त्याच्या खाली सोलापूरची समदी." मग बहिणींची नावे सांगितली, चौघींची, मयत असलेल्या दोघींसकट. बरोबर आलेला थोरला मुलगा म्हणाला, "आधी वकिलाला दाखवू." अण्णा म्हणाले, "दाखव की." आणि खाली सही केली. मुलाची सही अजून व्हायची आहे. कागद माझ्या टेबलाच्या खणात ठेवला आहे.