वही आणि मोळी

दिवाळी सरली की जेऊरच्या परिसरात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. उजनीच्या पाण्यावर पोसलेल्या फडांत पहाटेच्या थंडीत कोयते चालू लागतात. टोळीचा प्रमुख तो मुकादम. हंगामापूर्वी उचल घेणे, ती जोडप्यांत वाटणे, कोणी किती टन ऊस तोडला आणि कोणाची किती उचल फिटली याचा हिशेब ठेवणे, हे सारे त्याच्याच हाती. तोडणाऱ्यांपैकी अनेकांना कारखान्याचा वजनकाटा दिसतच नाही. त्यांच्या वाट्याला येते ती मुकादमाची वही. म्हणूनच, दुसऱ्याच्या श्रमावर देखरेख करणारा माणूस कसा असावा, याची कसोटी या फडात लागते.

पहिला गुण कामाची जाण. सोलापूरचे वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) रेल्वेच्या कंत्राटी कामात उतरले ते लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीने. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. भांडवलाला जाणकाराची जोड लागतेच. ज्याने स्वतः उसाची मोळी डोक्यावर वाहिली, त्याला माणसाच्या शक्तीची मर्यादा निराळी शिकवावी लागत नाही.

दुसरा गुण चोख हिशेब. जो मुकादम वही उघडी ठेवतो आणि आकडे वाचून दाखवतो, त्याला आवाज चढवावा लागत नाही.

तिसरा आणि सर्वांत कठीण गुण संयम. तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांमध्ये अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. आपण ते बहुधा बैलापुरतेच समजतो. परंतु पहाटे भाकऱ्या थापून फडात आलेल्या स्त्रीला रात्री वाहन भरण्यासाठी पुन्हा उठवणे, आजारपणाच्या दिवशीही खाडा धरून दंड लावणे, हा अतिभार नव्हे काय? वाहन वेळेवर भरले पाहिजे, हा ताण मुकादमावरही असतो. वरून आलेला तो ताण जसाच्या तसा खाली न ढकलणे, यातच त्याचे मोठेपण आहे.

वाचकहो, आपल्या आडतीवर, दुकानात, कारखान्यातही कोणीतरी मुकादम असतोच. पुष्कळदा तो आपणच असतो. आज पेढी बंद करताना दोन गोष्टी पाहाव्यात: ज्याच्या नावचा हिशेब आहे, त्याने तो पाहिला आहे ना? आणि ज्याच्यावर ओझे ठेवले, त्याला ते पेलते आहे ना?