उलटी रेघ आणि बीडची वेलांटी

संगणकावर अर्ज भरताना मराठीत नाव लिहिलं, की कधीकधी 'फक्त अक्षरं लिहा' असा लाल शेरा येतो. 'बीड' तर अक्षरांनीच लिहिलेलं आहे. मग घोडं अडतं कुठे?

मजकूर शोधायला आणि तपासायला प्रोग्रामर खुणांची एक भाषा वापरतात. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. तिच्यात उलटी तिरपी रेघ आणि पुढे डब्ल्यू म्हणजे 'शब्दात चालणारं कोणतंही अक्षर'. पण वेबपानांच्या जावास्क्रिप्टमध्ये या खुणेत ६३ चिन्हंच बसतात: इंग्रजीची लहान-मोठी ५२ अक्षरं, १० अंक आणि अंडरस्कोअर. पायथॉनमध्ये हीच खूण ब आणि ड ओळखते, पण वेलांटी वगळते. 'बीड'चे दोन तुकडे होतात.

मग या खुणेचा अर्थ बदलत का नाहीत? कारण जुन्या अर्थावर विसंबलेले असंख्य प्रोग्राम आजही चालू आहेत. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. नाव बदललं, तरी मोमिनाबाद लिहिलेला जुना कागद वाचता आलाच पाहिजे. संगणकाचंही तसंच आहे.

नवी खूण आणणंही सोपं नव्हतं. उलट्या रेघेपुढे पी लिहून कोणत्याही लिपीतली अक्षरं मागता यावीत, असं ठरलं. पण जावास्क्रिप्टमध्ये ज्या अक्षराला खास अर्थ नाही, त्याच्या आधीची रेघ सोडून द्यायची रीत होती. म्हणजे रेघ आणि पी मिळून नुसता पी. कुणी तसं आधीच लिहून ठेवलं असेल तर? म्हणून २०१५ साली खुणांच्या शेवटी यू जोडायची सोय झाली. यू जोडला, की अशी निरर्थक रेघ चूक ठरते. न जोडल्यास जुनं तसंच चालतं. अशी जागा मोकळी झाल्यावर २०१८ मध्ये पीला नवा अर्थ मिळाला.

त्यातही एक मेख आहे. पीपुढे कंसात एल लिहिलं तर नुसती अक्षरं मिळतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हवे असतील तर एमही मागावा लागतो.

जुनं मोडू नये, हा नियम मला योग्यच वाटतो. पण त्यामुळे मराठी नावाला वाट करून द्यायचं काम अर्ज बनवणाऱ्यावर येतं. त्यानं अर्ज लोकांपुढे ठेवण्याआधी तीन नावं लिहून पाहावीत: 'बीड', 'आष्टी' आणि 'शिरूर कासार'. वेलांटी, जोडाक्षर आणि मधली मोकळी जागा, तिन्हींची परीक्षा तिथेच होते.