स्वभावाला औषध

‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण घरोघर ऐकतो. ती कितपत खरी?

तापटपणा, संशय, एकलकोंडेपणा थोडाफार सर्वांतच असतो; तेवढ्याने कोणी विकारी ठरत नाही. जर्मन मानसवैद्य कुर्ट श्नायडर यांनी १९२३ साली साधी कसोटी सांगितली: ज्या विषम स्वभावापायी माणूस स्वतः दुःख भोगतो किंवा इतरांना भोगावयास लावतो, तो वैद्याच्या विचाराचा विषय. २०२२ पासून लागू असलेले जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरणही आधी विकार सौम्य, मध्यम की तीव्र, हे पाहावयास सांगते.

असा विकार मुळापासून घालविणारी गोळी नाही, हे खरे. पण अमेरिकेतील मार्शा लिनेहान यांनी भावनांच्या भरात स्वतःलाच इजा करून घेणाऱ्या रुग्णांसाठी एक उपचारपद्धती घडविली आणि १९९३ साली ती ग्रंथरूपाने मांडली. वेदना सोसणे, भावना आवरणे, नाती सांभाळणे हे तीत पाठ द्यावे तसे शिकवितात. सतराव्या वर्षी, १९६१ साली, आपणही अशाच अवस्थेत मनोरुग्णालयात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये स्वतःच जाहीरपणे सांगितले.

तेव्हा घरच्या माणसाला ती म्हण ऐकवून गप्प बसू नये. जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे.