त्वचेची कैफियत

पोळ्या भाजताना तव्याची तापलेली कड मनगटाला निसटती लागते, चटका बसतो, कोणी त्यावर गार पाण्याची धार धरते तर कोणी तूप चोळते, आणि चार दिवसांत वेदना विसरली गेली तरी त्या जागी उमटलेला काळपट पट्टा पुढे कित्येक महिने जात नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या उजव्या मनगटावर असे तीन पट्टे आहेत. मुलीच्या लग्नापूर्वी गालांवरचे वांग घालवून घ्यावे म्हणून ती त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेली तेव्हा मी सोबत होतो. तिने पिशवीतून काढून मांडलेल्या मलमांच्या नळ्यांकडे नजर टाकण्याआधी बाईंनी तिचे मनगट हाती घेतले आणि विचारले, “हे डाग किती दिवसांचे?” त्वचेची खरी कैफियत त्या पट्ट्यांत लिहिलेली होती.

‘तुमची त्वचा कोणत्या प्रकारची?’ या प्रश्नाचा अर्थ जाहिरातींनी फार आखूड करून टाकला आहे : तेलकट, कोरडी, मिश्र की सामान्य, एवढाच. ही वर्गवारी खोटी नव्हे. कपाळ, नाक व हनुवटी येथे तैलग्रंथी दाट असतात. तोंड धुऊन, काही न लावता तासभर थांबावे आणि मग टिपकागदाचे तुकडे जागोजागी दाबून पाहावेत, म्हणजे कागद कोठे तेलाने पारदर्शक होतो आणि कोठे कोरा राहतो ते दिसते. परंतु हा दाखला कायमचा नसतो. वैशाखातल्या दमट रत्नागिरीत जी त्वचा तेलकट ठरते तीच पौषात नागपुरास गेल्यावर ओढू लागते, उलते. शिवाय तेल आणि ओलावा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा चुना अशी भिंतच होय. आतील पाणी राखण्याचे काम मुख्यतः या चुन्याचे, ग्रंथींतून वर येणाऱ्या तेलाचे नव्हे. म्हणूनच वरून चमकणारा चेहराही आतून कोरडा असू शकतो. त्वचेचा सामू साधारण ५ असतो आणि नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. मुरुमांच्या धास्तीने दिवसातून पाच वेळा साबण लावणारी मुले तेलाबरोबर तो चुनाही खरवडून काढीत असतात.

प्रकाराचा दुसरा अर्थ मात्र ऋतूबरोबर बदलत नाही, आणि उपचारांच्या बाबतीत निर्णायक तोच. हार्वर्डचे त्वचाशास्त्रज्ञ टॉमस फिट्झपॅट्रिक यांच्यापुढे १९७५ साली एक व्यावहारिक अडचण उभी होती. सोरियासिसच्या रुग्णांना सोरालेन वर्गातील औषध द्यायचे (या वर्गातील द्रव्य आपल्या बावचीच्या बियांतही असते) आणि मग त्यांच्यावर अतिनील किरण सोडायचे, अशी ती उपचारपद्धती. परंतु किती मात्रेने कोण भाजेल, हे केसांच्या व डोळ्यांच्या रंगावरून बिनचूक ठरत नव्हते. तेव्हा त्यांनी रुग्णाचीच जबानी घेतली : उन्हात तुमची त्वचा भाजते की रापते? त्यातून चार प्रकार निघाले, आणि ते चारही गोऱ्या माणसांचे. गव्हाळ-सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा व सहावा प्रकार मागाहून जोडण्यात आला. जगातील एवढ्या मोठ्या जनसमूहाची नोंद दप्तरात अशी मागाहून व्हावी, हे मनाला लागते. भारतीयांची त्वचा बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते.

गोऱ्या आणि सावळ्या माणसाच्या त्वचेत रंजकपेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. सावळ्या त्वचेत रंगाचे कण मोठे असतात आणि सुटे पसरलेले असतात, त्यामुळे ती उन्हापासून अधिक संरक्षण करते. परंतु याच पेशी इजेलाही तितक्याच तत्परतेने जबाब देतात : मुरूम, चटका, तीव्र आम्लाचे पील, गालावर चोळलेले लिंबू, यांपैकी कशानेही दाह झाला की तेथे रंग साठतो, आणि तो खालच्या थरात उतरला तर राखाडी-निळसर होऊन वर्षानुवर्षे राहतो. सुश्रुताने त्वचेचे सात थर सांगून वांगाचे, म्हणजे व्यंगाचे, स्थान सर्वांत वरच्या अवभासिनीत न मानता तिच्याखालच्या लोहितेत मानले आहे. वांग हा घासून निघणारा मळ नव्हे, एवढे तरी यातून आपण घ्यावे.

केस काढण्याच्या लेसरचेही असेच आहे. केसातला रंग कोणता आणि त्वचेतला कोणता, हे प्रकाशाला कळत नाही. ६९४ किंवा ७५५ नॅनोमीटर लांबीच्या लहरी वरच्या थरातील रंगच अधिक शोषतो आणि सावळी त्वचा भाजण्याचा धोका वाढतो. १०६४ नॅनोमीटरच्या लहरी तेथे कमी अडतात व खोल जातात. यंत्र किती नवे आहे यापेक्षा त्याच्या लहरींची लांबी किती, हे विचारणे आपल्या हिताचे.

बहिणीच्या नळ्यांपैकी दोन नळ्यांत हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि स्टेरॉइड यांचे मिश्रण निघाले. शेजारणीच्या सांगण्यावरून ती ते वर्षभर लावीत होती. अशी अनेक स्टेरॉइड मलमे २०१८ साली शासनाने चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली, तरी ती हातोहात मिळतात. आरंभी चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होऊन शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम एकदम सोडले तर सारा चेहरा आगीसारखा होतो. बाईंनी पील करण्यास साफ नकार दिला, स्टेरॉइड हळूहळू कमी करण्याची तजवीज केली, आणि आयर्न ऑक्साइड घातलेले तपकिरी सनस्क्रीन लिहून दिले. कारण सावळ्या त्वचेला अतिनील किरणांप्रमाणे डोळ्यांना दिसणारा प्रकाशही काळवंडवितो, आणि त्याला अडविणारे हे द्रव्य म्हणजे तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूचाच रंग.

लग्न त्या सनस्क्रीनवर पार पडले. सहा महिन्यांनी, गेल्या आठवड्यात, बाईंनी तिच्या कानामागे चिंचोक्याएवढ्या जागेत सौम्य आम्ल लावून पाहिले आणि महिन्याची मुदत घातली. बहीण रोज सकाळी खिडकीपाशी उभी राहते, केस बाजूला धरते आणि ती जागा काळी पडली का, ते मला पाहायला सांगते.