टोळी निघायच्या आधी (प्रवेशापासून पदवीपर्यंत : लेखांक ७)

आज शैक्षणिक कर्जाविषयी लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो. कर्ज बारा महिन्यांत कधीही काढता येतं, आजच्या विषयाला मात्र फार तर पाच-सहा आठवडे उरलेत. महालक्ष्म्या झाल्या, पितृपक्ष आला, मग घट बसतील, आणि दसरा उलटला की परळी तालुक्यातल्या गावागावांत ऊसतोडीच्या टोळ्या न्यायला ट्रक-ट्रॅक्टर येऊन उभे राहतील.

जात पडताळणीचा मागचा लेख वाचून डोंगरपट्ट्यातल्या एका गावाहून एका चुलत्यानं पत्र पाठवलं. पुतणी लातूरला फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला. तिचे आई-वडील दोघंही ऊसतोडीला, कोयत्यावर जातात. प्रश्न दोनच आहेत. मुकादमाकडून घेतलेली उचल उत्पन्नाच्या दाखल्यात धरायची का? आणि मागच्या साली पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज पौषात परत आला, दुरुस्त करायला बसलो तर ओटीपी तिच्या बापाच्या फोनवर, अन् बाप कर्नाटकात फडावर. यंदा तसं होऊ नये म्हणून काय करावं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाची मजुरी. ती ऊस तोडून फेडायची असते. फिटली नाही तर अंगावर राहते आणि पुढच्या हंगामात वळती होते. म्हणून वर्षभराची मजुरी उत्पन्नात लिहिली की उचल तिच्यात आलीच, ती वेगळी मांडायची नाही. आणखी एक घोळ नेहमी होतो. उचल कोयत्यावर मिळते, म्हणजे नवरा-बायको दोघांना मिळून. पण स्वयंघोषणापत्र भरताना तीच रक्कम नवऱ्याच्या नावापुढेही येते आणि बायकोच्या नावापुढेही. मग कागदावर घरचं उत्पन्न दुप्पट दिसतं. आठ लाखांची मर्यादा असलेल्या योजनांत त्यानं काही बिघडत नाही. पण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची आहे. तिथे एका चुकीच्या बेरजेनं पात्र पोरगं अपात्र ठरतं.

दुसरा प्रश्न मात्र असा दोन ओळींत उरकणारा नाही. माझ्या अनुभवात आपल्या तालुक्यातली बहुतेक शिष्यवृत्ती पात्रतेवर बुडत नाही, ती तारखांवर बुडते. शासनाचं शैक्षणिक वर्ष आणि उसाचं वर्ष एकमेकांना आडवी जातात. प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळ्यात होतात, तेव्हा आई-बाप गावात असतात, सही करायला आणि तहसीलला यायला मोकळे असतात. पण प्रवेश पक्का होऊन महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, अर्ज भरून तो कॉलेजच्या टेबलावर तपासला जाईपर्यंत दिवाळी येते. कॉलेजनं मंजूर केला की तो जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जातो. या दोन्हीपैकी कोणत्याही टेबलावर एखादी त्रुटी निघाली की अर्ज ‘सेंड बॅक’ होऊन विद्यार्थ्याच्या लॉगिनला परत येतो. कधी फीचा आकडा जुळत नाही, कधी गुणपत्रिका धूसर निघते, तर कधी शिक्षणातल्या खंडाचं प्रमाणपत्र राहिलेलं असतं. हे परत येणं सहसा मार्गशीर्ष-पौषातलं, आणि तेव्हा आई-बाप सांगली, कोल्हापूर नाहीतर बेळगावकडे कोपीत राहत असतात. पहाटे अंधारात फडात उतरायचं आणि गाडी भरून होईपर्यंत हलायचं नाही, असा तो दिवस. त्यात ओटीपीची वाट पाहत फोन हातात धरून कोण बसणार?

तेव्हा पुतणीचं पहिलं काम मोबाइल क्रमांकाचं. तिच्या आधारला कोणता क्रमांक जोडलेला आहे ते आधी पाहावं. आपल्याकडे पोरं लहान असताना आधार काढलं, तेव्हा घरात एकच फोन होता आणि तो वडिलांच्या खिशात. तोच क्रमांक आजही चालत आलेला असतो. काही घरांत तर तो क्रमांक बंद पडून कंपनीनं भलत्यालाच दिलेला असतो. आधारमधला मोबाइल बदलायला कागदपत्र लागत नाही, पण ज्याचं आधार त्यानं स्वतः केंद्रावर जाऊन बोटं टेकवावी लागतात. पुतणीनं लातूरच्याच एखाद्या केंद्रावर हे करून घ्यावं आणि स्वतःच्या हातातल्या फोनचा क्रमांक द्यावा. चुलत्याचा नको, मैत्रिणीचा नको, आणि नेट कॅफेवाल्याचा तर अजिबात नको. अर्ज भरून देणारे काही जण घाईत महाडीबीटीच्या प्रोफाइलला स्वतःचाच क्रमांक टाकून मोकळे होतात. पुढे पासवर्ड विसरला की तो माणूस शोधत मोंढ्यात हिंडावं लागतं. अशी पोरं मी दर हिवाळ्यात पाहतो आणि दर वेळी जीव हळहळतो, कारण मुळात ते काम पाच मिनिटांचं असतं.

दुसरं काम खात्याचं. शिष्यवृत्तीची रक्कम थेट आधार क्रमांकावरून जमा होते. अर्जात तुम्ही कोणता खाते क्रमांक लिहिला याला फारसा अर्थ नसतो. आधारशी सगळ्यात शेवटी जे खातं जोडलं गेलं, त्यात पैसे जातात. शाळेत असताना उपस्थिती भत्त्यासाठी काढलेलं खातं केवायसीअभावी झोपलेलं असतं आणि आधार नेमकं त्यालाच चिकटलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ म्हणून पाहता येतं, तिथे बँकेचं नाव आणि खातं चालू आहे की नाही हे दिसतं. ते चालू दिसलं की त्या पानाची छापील प्रत कागदांच्या पिशवीत टाकावी.

तिसरं काम उत्पन्नाच्या दाखल्याचं. तो वडिलांच्या नावानं निघतो आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून गेल्या वर्षीचा चालत नाही. लोकसेवा हक्क कायद्यात तहसील कार्यालयानं तो १५ दिवसांत द्यायचा आहे. आज अर्ज टाकला तर दसऱ्याच्या आत हातात येतो. दाखल्यावरचा बारकोड क्रमांक महाडीबीटीत टाकला की माहिती आपोआप येते. ती आली नाही तर दाखल्यातलं नाव आणि अर्जातलं नाव एकच आहे का ते पाहावं. आपल्याकडे ज्ञानोबाचा ज्ञानेश्वर आणि बाबूचा बाबुराव शाळेच्या दाखल्यात सहज होतो, तलाठ्याच्या अहवालात होत नाही. ज्यांना नॉन-क्रिमीलेअर लागतं त्यांना तीन वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब द्यावा लागतो, तोही वडील गावात असतानाच उरकावा. सिरसाळा, धर्मापुरीकडच्या मंडळींनी या दोन कामांसाठी परळीला वेगवेगळे हेलपाटे घालू नयेत, दोन्ही अर्ज एकाच दिवशी टाकावेत.

फार्मसीचा विषय निघालाच आहे तर एक गैरसमज दूर करतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळू लागला. त्याआधी तो ५० टक्के होता. अट दोन गोष्टींची : घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला हा लाभ नाही. पण ‘मुलींना आता फी माफ’ असं कानावर आल्यापासून बऱ्याच घरांनी अर्ज भरणंच सोडलं आहे. माफी आपोआप होत नाही. दर वर्षी महाडीबीटीवर अर्ज भरावा लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षालाही. आणि माफी फक्त त्या दोन शुल्कांची आहे. खोली, मेस, पुस्तकं, एसटीचं भाडं हे सगळं बाकी राहतंच.

त्या खर्चासाठी निर्वाहाच्या योजना वेगळ्या आहेत आणि लोक त्या विसरतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्या-मुंबईत वर्षाला ६० हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये मिळतात. इतर मागास, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. एका वेळी यातला एकच घेता येतो. धाकट्या भावंडांसाठी २०२१ पासून संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. राज्यातल्या ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं ठरली आणि पहिल्या टप्प्यातच परळीचं नाव होतं. लहान भावाची सोय तिथे लागली तर त्याला सांभाळायला थोरल्या बहिणीनं कॉलेज सोडायची वेळ येत नाही. शिष्यवृत्तीच्या हिशेबात ही बाजू कुणी धरत नाही, पण मुलीच्या उपस्थितीवर तिचा थेट परिणाम होतो, आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला ७५ टक्के उपस्थिती लागतेच.

शिष्यवृत्तीमागे अटी आणि करारनामे असणं हे काही आजचं नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१३ साली तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात जायला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेव्हा परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. पुढे तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज महाडीबीटीवर जिचं नाव दिसतं ती हीच. मराठवाड्याला तिचा खरा उपयोग व्हायला आणखी वेळ लागला. निजामाच्या राज्यात पदवीसाठी हैदराबाद गाठावं लागे. १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आलं, २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ आलं, तेव्हा कुठे शिकण्याची जागा आणि शिकण्याचा पैसा या दोन्ही गोष्टी आपल्या मुलखात एकत्र आल्या. इतक्या कष्टानं मिळालेला हक्क एका ओटीपीपायी सुटावा, हे मला सहन होत नाही.

आता थोडं बाहेर बघू. दक्षिण आफ्रिकेत विद्यार्थ्यांना मदत देणारी राष्ट्रीय यंत्रणा १९९९ च्या कायद्यानं उभी राहिली, तिला तिकडे एनएसएफएएस म्हणतात. २०१५ साली फीवाढीविरुद्ध तिथले विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि २०१८ पासून गरीब घरच्या नव्या विद्यार्थ्यांना कर्जाऐवजी परत न करायची मदत मिळू लागली. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाख रँडच्या आत असावं ही अट आहे. पण ज्या विद्यार्थ्याला आधीपासून सरकारी सामाजिक अनुदान मिळतं, त्याला उत्पन्नाचा वेगळा पुरावा जोडावा लागत नाही. हे घर गरीब आहे हे सरकारच्याच एका खात्याला ठाऊक आहे, मग दुसऱ्या खात्यानं तोच पुरावा पुन्हा मागायचा नाही, असा त्यामागचा विचार. तिथेही पैसे उशिरा येतात, त्यावरून भांडणं होतात. पण ही एक गोष्ट त्यांनी बरोबर केली.

आपल्याकडे हे करायला काय हरकत आहे? लोकनेते गोपीनाथराव मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामपंचायतीतून मजुरांची नोंदणी झाली, ओळखपत्रं दिली गेली. महामंडळाला कारखान्यांकडून उसाच्या दर टनामागे १० रुपये आणि शासनाकडून तेवढेच, अशी निधीची तरतूद आहे. हे महामंडळ सामाजिक न्याय विभागाकडे आहे, आणि शिष्यवृत्तीच्या मोठ्या योजनाही त्याच विभागाकडे. ज्याच्या हातात ऊसतोड कामगार म्हणून शासनाचं ओळखपत्र आहे, त्याच्या मुलीनं दर वर्षी नव्यानं बापाची गरिबी का सिद्ध करायची? ओळखपत्राचा क्रमांक महाडीबीटीला जोडावा आणि उत्पन्नाची अट तेवढ्यावर पूर्ण धरावी. जिल्ह्यातल्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर कॉलेजच्या कार्यालयांतल्या मंडळींना एक विनंती आहे. ज्यांचे आई-वडील फडावर जातात त्यांची वेगळी यादी करा आणि त्यांचे अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी तपासून मोकळे करा. त्रुटी असेल तर बाप गावात असतानाच कळू द्या. वर्गशिक्षकांनी वर्गात एकदा विचारलं तरी अशी मुलं कोण हे समजतं.

आणि पत्र पाठवणाऱ्या चुलत्यांना : पुतणीला या रविवारी लातूरहून बोलवा. वडिलांचं आणि तिचं आधार, शिधापत्रिका, दोघांची छायाचित्रं, मागच्या वर्षीच्या अर्जाची प्रत, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र एका पिशवीत घाला. हमीपत्रावर वडिलांची सही, नाहीतर अंगठा, आताच घेऊन ठेवा. सोमवारी सकाळी तहसीलला पहिल्यांदा उत्पन्नाचा अर्ज टाका, मग बँक. मुकादमाची गाडी कोणत्या दिवशी येणार हे ठरलं की ती तारीख पुतणीलाही कळवा. त्याच्या आठ दिवस आधी तिचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पोचलेला असला पाहिजे. शैक्षणिक कर्ज आणि त्यावरच्या व्याज सवलतीचं पुढच्या आठवड्यात पाहू.